मेंदूचे खेळ आणि ‘संक्रमणा’चा जुना वाद

पुण्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याच्या जोडीला आता मोबाइलवरचे मेंदूचे खेळ आले आहेत आणि मुलांच्या स्मरणशक्तीचे वर्ग पेठांपासून कोथरूडपर्यंत भरतात. या सरावाने विचारशक्ती वाढते का, या प्रश्नाचा सारा गुंता एका शब्दात आहे. बी.एड.च्या पुस्तकांत त्याला ‘अध्ययनाचे संक्रमण’ म्हणतात. हिंदीमुळे हा शब्द हल्ली संसर्गाच्या अर्थानेही कानावर पडतो. येथे त्याचा अर्थ एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामी येणे, एवढाच.

संक्रमण निकटचे असते, तसे दूरचेही. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला मंडईत सव्वा किलोचा हिशेब चटकन जमतो, हे निकटचे. त्याच पाठांतरामुळे त्याच्या औषधांच्या वेळा चुकणार नाहीत किंवा करारनाम्यातली मेख त्याच्या ध्यानात येईल, हे दूरचे. जाहिरातीत आश्वासन असते दूरच्याचे आणि पुरावा दिला जातो निकटच्याचा, ही या विषयातली सर्वांत मोठी गल्लत आहे.

आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव वेगळ्या आकारांच्या वेळी फार थोडा उपयोगी पडतो, असे अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका विद्यार्थ्याने सुमारे दीड वर्षाच्या सरावाने ७९ आकडे ओळीने म्हणून दाखवले. तो स्वतः धावपटू असल्यामुळे आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याची मजल पुन्हा सहाच्या आसपास आली. त्याच्या हाती एक उत्तम युक्ती लागली होती, स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली.

खरा वाद पेटला तो २००८ नंतर. काही आठवड्यांच्या सरावाने नवे प्रश्न सोडवण्याची मूलभूत बुद्धी वाढते, असा दावा त्या वर्षी झाला; पण पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो सातत्याने टिकला नाही. २०१० मध्ये ११ हजारांहून अधिक लोकांनी सहा आठवडे खेळ खेळले. त्या खेळांत ते तरबेज झाले, मात्र सराव न केलेल्या कामांत लाभ दिसला नाही. २०१४ मध्ये सुमारे ७० शास्त्रज्ञांनी अशा दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचे निवेदन काढले आणि काही आठवड्यांत शंभरावर तज्ज्ञांनी ‘आधार आहे’ असे त्याला उत्तर दिले. २०१६ च्या जानेवारीत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणी एका नामांकित कंपनीने अमेरिकी नियामकाशी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

दुसऱ्या बाजूचे एक संशोधन मात्र गांभीर्याने घ्यावे लागते. ६५ वर्षांवरील २,८०० हून अधिक अमेरिकी नागरिकांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकाचे प्रशिक्षण दिले गेले, तर एका गटाला कोणतेच दिले नाही. वेगाच्या सरावात पडद्याच्या मध्यभागी मोटार आहे की ट्रक हे ओळखायचे आणि त्याच क्षणी कडेला दुसरे वाहन कोठे चमकले तेही सांगायचे, असे होते. दहा वर्षांनी या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मरण आणि तर्काच्या गटांत तसा फरक आढळला नाही. स्मृतिभ्रंश मोजणे हा मूळ अभ्यासाचा मुख्य हेतू नव्हता, त्यामुळे या आकड्यावर आक्षेप आहेत. शिवाय तो लाभ एका ठरावीक सरावाचा आहे. त्याच्या आधारे आपल्याकडच्या कोणत्याही वर्गाला किंवा अ‍ॅपला तसाच दावा करता येत नाही. त्यासाठी शिकवलेल्या खेळाहून वेगळ्या कामावर सरावानंतर घेतलेली चाचणी आणि तुलनेसाठी दुसरा गट, दोन्ही दाखवावे लागतील.