मोहाची मदिरा आणि ग्रामीण मुक्काम: इंदूरहून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

महू, चोरल किंवा मांडूच्या रस्त्याला वडिलोपार्जित शेती असलेल्या इंदूरच्या अनेक मराठी कुटुंबांच्या मनात सध्या एकच बेत घोळत असतो: चार खोल्या बांधाव्यात, पाहुण्यांना दाल-बाफला वाढावा आणि त्याबरोबर इथलीच, हाताने गाळलेली मोहाची दारूही द्यावी. बेत चांगला आहे, परंतु त्यात तीन वेगवेगळ्या परवानग्या गुंतलेल्या आहेत आणि त्यांपैकी एक आपल्यापैकी बहुतेकांना मिळूच शकत नाही. ती कोणती, हे आधी समजून घेतल्यास पुष्कळ हेलपाटे वाचतात.

पहिली परवानगी मदिरा बनवण्याची. बिअर आंबवून तयार होते आणि शहरातील मायक्रोब्रुअरीला (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या व्यवसायाला) त्यासाठी आबकारी, म्हणजे उत्पादन शुल्क, विभागाचा स्वतंत्र परवाना लागतो. मोहाची मदिरा मात्र फुले आंबवून नंतर भट्टीवर ऊर्ध्वपातनाने गाळली जाते, त्यामुळे तिचा परवानाही वेगळा. मध्य प्रदेशाने 2023 च्या हेरिटेज मदिरा नियमांद्वारे हे उत्पादन अनुसूचित जमातींच्या सदस्यांच्या बचत गटांसाठी राखून ठेवले आहे. (अर्जात आणि शासकीय पत्रव्यवहारात ‘स्वयं सहायता समूह’ हा शब्द येतो, आपला ‘बचत गट’ तिथे लिहू नये.) आलीराजपूर जिल्ह्यात अशा गटाने तयार केलेली ‘मोंड’ ही मदिरा बाटलीबंद होऊन विक्रीस आलेली आहे. म्हणजे इंदूरचा शेतमालक, त्याच्याकडे मोहाची पन्नास झाडे असली तरी, उत्पादक म्हणून पात्र ठरत नाही. हे मला न्याय्यच वाटते. ज्या भिल्ल आणि भिलाला या आदिवासी समाजांच्या घरांनी ही विद्या सांभाळली, तिचा मोबदला त्यांच्याच हाती जायला हवा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. अनुसूचित क्षेत्रांतील आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी दारू गाळण्याची सूट आहे आणि ती बाळगण्याची मर्यादा प्रतिव्यक्ती 4.5 लिटर, प्रतिकुटुंब 15 लिटर आणि विशेष सामाजिक किंवा धार्मिक प्रसंगी 45 लिटर अशी आहे. ही सूट घरच्या वापरापुरती आहे, विक्रीची नाही. त्यामुळे शेजारच्या पाड्यावरून कॅन भरून आणून पाहुण्याला पैसे घेऊन पाजणे हा सरळ गुन्हा ठरतो.

शेतमालकाच्या हाती राहतो तो मुक्काम. त्यासाठी मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि होम स्टे, फार्म स्टे, ग्राम स्टे, बेड अँड ब्रेकफास्ट अशा वर्गांतून योग्य वर्ग निवडावा लागतो. होम स्टे म्हणजे जिथे मालक स्वतः कुटुंबासह राहतो ते घर. आपण इंदूरच्या सुदामा नगरात राहून शेतावर केवळ रखवालदार ठेवणार असू, तर त्या वर्गात अर्ज करण्यात अर्थ नाही. अर्जासोबत ओळखपत्र, मालकीचा पुरावा आणि खोल्यांची छायाचित्रे तयार ठेवावीत. पाहुण्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक असते, आणि परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते.

मालकीच्या पुराव्यावर थोडे थांबायला हवे, कारण अर्ज अडकतात ते तिथेच. पुण्या-नाशिकचे नातेवाईक सातबारा विचारतात. आपल्याकडे त्याऐवजी खसरा (गटवार जमिनीची नोंद), बी-1 (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) आणि नकाशा ही तीन कागदपत्रे लागतात. आमच्या घरच्या खसऱ्यात आजोबांचे नाव ‘विनायक पिता रघुनाथ’ एवढेच होते, आडनाव नव्हतेच, तर आधार कार्डावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा मराठी क्रम होता. ही एकच व्यक्ती आहे हे पटवण्यासाठी प्रतिज्ञापत्र, वारसनोंद आणि एका कार्यालयाच्या सात फेऱ्या एवढे सगळे झाले. म्हणून नामांतरण, ज्याला आपण फेरफार म्हणतो, ते आधी पूर्ण करावे. त्यानंतर जमिनीचा वापर बदलत असल्यास डायव्हर्जनची, म्हणजे शेतीची जमीन बिगरशेती वापरासाठी वळवल्याची, नोंद करावी. धार, झाबुआ, आलीराजपूरकडे जमीन पाहत असाल तर आणखी सावध राहावे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165(6) नुसार अधिसूचित क्षेत्रातील आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होत नाही.

तिसरी परवानगी मद्य देण्याची. मुक्कामाची नोंदणी झाली म्हणून मद्य विकता येते असे नाही. त्यासाठी ई-आबकारी पोर्टलवरून वेगळा परवाना घ्यावा लागतो. रेस्टॉरंट बारसाठी एफ.एल.-2 (एफ.एल. म्हणजे फॉरेन लिकर, विदेशी मदिरा) आणि हॉटेल बारसाठी एफ.एल.-3 असे प्रकार आहेत, पण चार खोल्यांच्या मुक्कामाला त्यांचा खर्च पेलत नाही. लग्न किंवा हुरड्यासारख्या एखाद्या कार्यक्रमासाठी एफ.एल.-5 हा प्रासंगिक परवाना पुरतो. पाहुण्याचे वय 21 पूर्ण आहे ना, हे पाहणे मालकाचे काम आहे.

जागा निवडतानाही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 1 एप्रिल 2025 पासून राज्यातील 19 धार्मिक ठिकाणी मद्यविक्री बंद आहे आणि त्यांत उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि मंडलेश्वर ही इंदूरकरांची नेहमीची ठिकाणे येतात. शिवाय नोव्हेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या) नियमांमुळे अनुसूचित क्षेत्रात नवे मद्यदुकान उघडण्यासाठी ग्रामसभेची संमती लागते, तेव्हा सरपंचांशी बोलणे कागदांच्या आधी व्हावे.

व्यवहार्य मार्ग असा की, मुक्काम आपल्या नावावर नोंदवावा, आणि मोहाची फुले वेचणे व भट्टी पाहणे यांसाठी पाहुण्यांना परवानाधारक गटाकडे, गटाशी लेखी दर ठरवून, न्यावे. आलीराजपूर जिल्ह्यातील कट्ठीवाड्याला इंदूरहून सुमारे 250 किलोमीटर पडतात, पण धबधबा आणि नूरजहाँ आंब्याची झाडे असल्याने दोन दिवसांची सहल सहज भरते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि आबकारी वर्षही 1 एप्रिललाच सुरू होते. म्हणून टुरिझम बोर्डाचा अर्ज दिवाळीच्या सुमारास टाकावा, म्हणजे तपासणी होऊन प्रमाणपत्र फुले गळू लागण्यापूर्वी हाती येण्यास पुरेसा वेळ राहतो.