एकच ओटा, दोन शरीरं

नाश्त्याला बशीभर पोहे, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि थोडा भात, चारच्या चहाबरोबर बिस्किटं नाहीतर चिवडा, रात्री दोन पोळ्या आणि वरण-भात. पुण्यात नोकरी करणाऱ्या कुठल्याही जोडप्याचं हे रोजचं खाणं. तेलकट नाही, हॉटेलचं नाही. पण कर्बोदकांचा हिशेब मांडला की चित्र बदलतं, आणि ती दोघांनी मिळून कमी करण्याबद्दल, म्हणजे ‘लो-कार्ब’ आहाराबद्दल, इथे बोलायचं आहे. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ३८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत १९ आणि ५० ग्रॅम तांदळाच्या भातात ३९. चहातली साखर, आमटी, दूध सगळं धरलं की दिवसाचा आकडा २५० ग्रॅमच्या पुढे जातो. सतराशे-साडेसतराशे कॅलरींच्या आहारात हा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास येतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले तेही हेच सांगतात: भारतीयांच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२.

शेतात राबणाऱ्या शरीराला हे पचत होतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ते जड जातं, आणि आपल्याला जरा जास्तच जड जातं. याचं कारण ज्या संशोधनातून उलगडलं ते पुण्यातच झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसाने बरीच कमी भरली, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काटा ‘नॉर्मल’ दाखवत असला तरी आत पोटाभोवती, यकृतात चरबी साठलेली असू शकते. ‘आम्ही दोघं कुठे जाड आहोत?’ असं म्हणणाऱ्या घरांनीही हा विषय आपला मानावा, तो यासाठी.

कर्बोदकं कमी केली की होतं काय? जेवणानंतर रक्तातली साखर फार चढत नाही, त्यामुळे इन्सुलिनही कमी स्रवतं. इन्सुलिनचं एक काम चरबीच्या पेशींना ‘साठा सोडू नका’ असं सांगणं. ते उतरलं की साठवलेली चरबी जाळणं शरीराला सोपं जातं. पण त्याआधी हात लागतो तो ग्लायकोजेनला, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याला. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की ते पाणीही जातं. शिवाय इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, आणि म्हणूनच त्या दिवसांत डोकं दुखतं, उठताना गरगरतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास नसेल तर चिमूटभर मीठ घातलेलं पातळ ताक प्यावं, बरं वाटतं.

खरा पेच इथून पुढे सुरू होतो. दोघांनी एकाच दिवशी सुरुवात केली, ताटंही सारखीच वाढली, आणि रविवारी काट्यावर उभं राहिल्यावर त्याचे अडीच किलो कमी, तिचे जेमतेम एक. ‘तू मधेमधे काही खातेस का गं?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो, आणि तो अगदी अन्यायाचा असतो. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, म्हणून ग्लायकोजेन जास्त आणि त्याच्याबरोबर जाणारं पाणीही जास्त. पुरुषांची चरबी बायकांपेक्षा जास्त प्रमाणात पोटात, आतड्यांभोवती साठते आणि ती लवकर हलते. बायकांची मांड्या-नितंबांवरची चरबी चिवट. त्यात पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं, तेव्हा चरबी कमी होत असूनही काटा वर सरकतो. ‘प्रिव्ह्यू’ या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या दोन हजारांवर लोकांना आठ आठवडे सारखाच, अगदी कमी कॅलरींचा आहार दिला होता. तिथेही पुरुषांचं वजन बायकांपेक्षा १६ टक्के जास्त उतरलं. तो आहार लो-कार्ब म्हणून आखलेला नव्हता, पण मुद्दा तोच राहतो. म्हणून एकमेकांचे आकडे शेजारी ठेवूच नयेत. प्रत्येकाने आपली कंबर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजावी आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तातल्या चरबीचे रिपोर्ट बघावेत. ट्रायग्लिसराइड उतरतं का हे पाहाच. काहींचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र चढतं, त्याच्याकडेही लक्ष हवं.

मग एकत्र करायचं तरी कशाला? कारण स्वयंपाकघर एकच असतं. इंग्लंडमधल्या ३,७२२ जोडप्यांच्या माहितीवरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की जोडीदाराचं वजन उतरलं तर वजन जास्त असलेल्या पुरुषांपैकी २६ टक्क्यांचं वजन उतरलं, एरवी ते प्रमाण १० टक्के. बायकांत हेच आकडे ३६ आणि १५. २०१८ मध्ये अमेरिकेत १३० जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यात कार्यक्रमात एकच जण होता, तरी सहा महिन्यांत घरातल्या दुसऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचं वजन निदान तीन टक्क्यांनी कमी झालं. डब्यात बिस्किटंच नसतील तर ती दोघांनीही खाल्ली जात नाहीत, इतकं ते सरळ आहे.

आपल्याकडे मात्र यात एक अडचण आहे आणि ती बोलून दाखवायला हवी. ‘अहो, तुमच्यासाठी वेगळं करते’ म्हणत घरातली बाई सासूबाईंसाठी मऊ भात, मुलांसाठी पोळ्या आणि नवऱ्यासाठी पनीर असे तीन स्वयंपाक करते आणि शेवटी उरलेला भात स्वतः खाते. असा लो-कार्ब टिकत नाही. भाजी, उसळ, कोशिंबीर, दही हे सगळ्यांना एकच आणि भरपूर करावं. भात-पोळी ज्याला हवी त्याने घ्यावी. मूग भिजत घालणं, मंडईतून आणलेली शेपू-चाकवत निवडणं, काकडी चोचवणं ही कामं नवऱ्याने अंगावर घ्यावीत. बेत टिकतो की मोडतो ते बहुतेक इथेच ठरतं.

भाकरीचंही बोलू. ‘आम्ही पोळी सोडली, ज्वारीवर आलो’ असं पुष्कळ जण समाधानाने सांगतात. पण १०० ग्रॅम ज्वारीत जवळजवळ ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि कणकेत ६४. ज्वारीत तंतू चांगले, चवही छान. पण दोन जाड भाकऱ्या म्हणजे १०० ग्रॅम पीठ सहज. २०२५ च्या त्याच भारतीय पाहणीत पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसती गव्हाची किंवा भरडधान्याची कर्बोदकं आणून मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकं कमी करून त्यातल्या थोड्या उष्मांकांच्या जागी डाळी, दूध-दही यांची प्रथिनं आणल्यावर मात्र तो कमी दिसला. वजाबाकी जितकी महत्त्वाची तितकंच तिच्या जागी काय येतं हेही.

लो-कार्ब म्हणताना बहुधा दिवसाला १३० ग्रॅमच्या आतला आहार धरतात. २० ते ५० ग्रॅमवर आलं की तो कीटो. आपल्या घरात १३० चा आकडा जमण्यासारखा आहे. सकाळी ४० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन-तीन धिरडी (२१ ग्रॅम), दुपारी एक भाकरी (३४) आणि भाजीचा डोंगर, मटकीची वाटीभर घट्ट उसळ (२०), रात्री एक पोळी (१९) आणि पनीर किंवा दोन अंडी, दिवसभरात दोन वाट्या दही (१२), भाज्यांचे मिळून १५. बेरीज १२१. प्रथिनं ५० ग्रॅमच्या आसपास येतात आणि साठ किलोच्या माणसाला आयसीएमआरच्या हिशेबाने तेवढी लागतातच. धिरड्यासाठी डाळ चार तास भिजवून आलं-मिरचीबरोबर सरबरीत वाटावी. तवा नीट तापू द्यावा आणि कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नये, म्हणजे मोडत नाहीत. उपासाच्या दिवशी खिचडीचं मात्र काही खरं नाही: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या दिवशी दाण्याची आमटी आणि दह्यातली काकडी चालते.

लो-कार्ब हाच एक मार्ग आहे असं मी म्हणणार नाही. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ जणांनी वर्षभर चांगल्या प्रतीचा लो-कार्ब किंवा लो-फॅट आहार घेतला. वजन सरासरी सहा आणि ५.३ किलो उतरलं, फरक नगण्य. तरी ज्याच्या ताटात साठ टक्के कर्बोदकं आहेत त्याने तिथूनच कापायला सुरुवात करावी, हे मला पटतं.

दोघांपैकी एकाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र ताट बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने भात-पोळी कमी केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक ही त्याची लक्षणं जोडीदारालाही माहीत हवीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर अगदी कमी कर्बोदकं घेतली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढून रक्ताचीच आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ नॉर्मल दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही जाणवलं तर मशीनचा आकडा बघत न बसता लगेच दवाखाना गाठावा. गरोदरपणात, अंगावर पाजणाऱ्या आईने आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने हा प्रयोग आपल्या मनाने करू नये.