रांजण घरात, पाणी मिरजेला

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. घरातल्या रांजणातलं पाणी आणि गाडीने येणारं पाणी यातला फरक त्या उन्हाळ्यात लातुरात लहान पोरांनाही कळत होता. भाचीचा लॅपटॉप का अडतो, हे तिला सांगताना मला तोच उन्हाळा आठवला.

ती लातुरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी, आत फिरती हार्ड डिस्क. ब्राउझरचे पाच-सहा टॅब, एक पीडीएफ आणि वर व्हिडिओ तास लावला की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. दुकानात सांगितलं, प्रोसेसर दमलाय, नवीन घ्या. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला; कुठल्या भागावर किती ताण आहे, ते त्यात दिसतं. प्रोसेसरचं काम दहा टक्क्यांच्याही खाली आणि डिस्क मात्र शंभर टक्के! प्रोसेसर दमला नव्हता, नुसता वाट बघत बसला होता.

रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारी जागा, हा घरातला रांजण; डिस्क म्हणजे मिरज. रांजणातून माहिती उचलायला प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. रांजण अपुरा पडला की ऑपरेटिंग सिस्टीम सध्या नको असलेली माहिती चार-चार किलोबाइटच्या 'पानां'त डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. ही युक्ती मँचेस्टरच्या 'अ‍ॅटलस' संगणकापासूनची, म्हणजे १९६२ची. पण फिरत्या डिस्कवरचं एक पान शोधायला दहा मिलिसेकंद जातात. रांजणात तांब्या बुडवायला एक सेकंद धरला, तर डिस्कवरून तेच पाणी यायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळपास अठ्ठावीस तास!

एखादं पान क्वचित आणावं लागलं तर निभतं. पण चालू कामाला सतत लागणारी पानंच रॅममध्ये मावेनाशी झाली की एक आणताना दुसरं बाहेर जातं आणि लगेच तेच हवं असतं. मग सगळा वेळ ने-आणीतच जातो. याला 'थ्रॅशिंग' म्हणतात. सतत लागणाऱ्या पानांच्या या संचाला संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली 'वर्किंग सेट' असं नाव दिलं, आणि जुन्या लॅपटॉपचं निम्मं दुखणं त्या एका कल्पनेत उलगडतं असं माझं ठाम मत आहे.

इलाज त्यातूनच निघतो. फिरती डिस्क काढून त्याच आकाराची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरवता चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क, बसवली. आपल्या मापाने अठ्ठावीस तासांचं अंतर वीस मिनिटांच्या आत आलं. रॅम वाढवता आली तर त्याहून चांगलं, पण पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांत ती बोर्डालाच झाळलेली असते. विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये संपले, म्हणून भाचीला लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालून दिली. या आवृत्तीचा डेस्कटॉप स्वतःसाठी कमी रॅम अडवतो. मग झेडरॅम चालू केलं. ते नको असलेली पानं डिस्कवर न धाडता दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतं. बहुतेक माहिती निम्म्याहून कमी जागेत बसते, आणि पान पुन्हा उलगडायला जाणारे काही मायक्रोसेकंद डिस्कच्या मानाने काहीच नाहीत. दाबण्याची ही मेहनत प्रोसेसरच करतो, पण तो तर रिकामाच बसला होता. अँड्रॉइड फोनमध्येही हेच तंत्र वापरतात.

ब्राउझरचे टॅब मात्र आवरावेच लागतात. रॅम सगळ्यात जास्त तेच खातात.

राहिला आपला उन्हाळा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पंख्याने किती उष्णता बाहेर जाईल, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोलीत पंचवीस अंश असतील तर हा फरक पंचाहत्तरचा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्रेचाळीस झाले की सत्तावन्नच उरतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळपास पाव हिश्शाने घटते. त्यात भाची लॅपटॉप गादीवर ठेवायची, खालची हवेची वाट बंद. पंख्याची जाळी उघडली तेव्हा काळ्या मातीच्या धुळीचा थर नमद्यासारखा जमला होता. मऊ ब्रशने तो काढला, खाली लाकडी पाट दिला. व्हिडिओचे तास ती आता पहाटे, पत्रा गार असताना बघते.