पीडीएफचे टॅग आणि मराठी मजकूर: अडचणींची पार्श्वभूमी

पीडीएफ जन्माला आली ती दिसण्यासाठी. अ‍ॅडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘कॅमलॉट’ प्रकल्पाचा हेतू असा होता, की कागदपत्र कुठल्याही संगणकावर उघडलं, कुठल्याही प्रिंटरवर छापलं, तरी ते हुबेहूब तसंच दिसावं. १९९३ मध्ये अ‍ॅडोबीचं अ‍ॅक्रोबॅट आलं, तेव्हा फायलीच्या पोटात होत्या त्या रेखाटण्याच्या सूचना: हे अक्षर या जागी, ती रेघ त्या जागी. शीर्षक कोणतं, परिच्छेद कुठे संपतो, तक्त्यातला आकडा कोणत्या रकान्याचा, याची नोंदच नव्हती. डोळ्यांनी वाचणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याचं सगळंच अडतं.

हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता अशी ओळख सांगणाऱ्या खुणा म्हणजे टॅग. त्यांची सोय झाली २००१ मध्ये, पीडीएफ १.४ या आवृत्तीसोबत. त्याच वर्षी अमेरिकेत पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०८ ची मानकं लागू झाली आणि तिथल्या केंद्र सरकारी कार्यालयांवर सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील अशा, कागदपत्रांची जबाबदारी आली. मात्र टॅग आले म्हणून रेखाटण्याच्या सूचना हटल्या नाहीत. त्यांच्या शेजारी टॅगांचं एक वेगळं झाड उभं राहिलं. त्यामुळे एकाच फायलीत दोन क्रम नांदू लागले, एक रेखाटण्याचा आणि दुसरा वाचण्याचा. आजही दुरुस्ती करणारे इथेच गोंधळतात. अ‍ॅक्रोबॅटच्या कंटेंट पॅनलमध्ये, म्हणजे रेखाटण्याचा क्रम दाखवणाऱ्या चौकटीत, मजकूर वरखाली केला तरी टॅगांचा क्रम होता तसाच राहतो, आणि स्क्रीन रीडर ऐकतो ते टॅगांचं. दुसरी नेहमीची चूक फाइल तयार करताना होते. वर्डमध्ये शीर्षकं शैली वापरून नीट दिलेली असतात, पण फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ने न काढता ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढली जाते आणि सगळी रचना तिथेच गळून पडते.

२०१२ मध्ये सुगम पीडीएफसाठी पीडीएफ/यूए हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. पुढच्या वर्षी आलेल्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉलने त्याच्या कसोट्या ३१ मुद्द्यांत आणि १३६ दोषप्रकारांत मांडल्या. त्यांतले बरेच दोष यंत्राला सापडतात, पण काहींना माणूसच लागतो. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगतं. तो मजकूर चित्राबद्दल काही सांगतो का, हे सांगत नाही. तपासनीस सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणांवर विसंबून फाइल पुढे पाठवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

मराठीची अडचण याहून खोल आहे, कारण इथे टॅगांच्या आधी अक्षरंच बिघडलेली असतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी व्यवस्था, रुळण्यापूर्वी आपलं टंकलेखन, छपाई आणि सरकारी कामकाज श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्थांवर चालायचं. त्यांच्या अनेक फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द साठवला जातो तो एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांत. पडद्यावर ‘भारत’ स्वच्छ दिसतो आणि स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरं वाचू पाहतो. अशा फायलीला कितीही काटेकोर टॅग लावले, तरी ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरही पीडीएफ होताना मोडू शकतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण रेखाटली जाते आधी. रफाराचं नेमकं उलट. फाइल रेखाटण्याचा क्रम धरून ठेवते. कोणत्या आकारामागे कोणतं युनिकोड अक्षर, याचं कोष्टक फायलीत असतं, पण ते मागचंपुढचं झालेलं अक्षर जागेवर आणत नाही. मग ‘किती’ कॉपी करून पेस्ट केलं की ‘िकती’ हाती येतं, आणि जोडाक्षरं कधी तुटतात, कधी गायब होतात. यावर ‘अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट’चा उपाय आहे: त्या तुकड्याचा खरा मजकूर फायलीत वेगळा नोंदवायचा. ही सोयही १.४ पासूनचीच, पण मराठी फायली बनवणारं सॉफ्टवेअर ती वापरेलच असं नाही.

म्हणून मराठी फाइल हाती आली की टॅगांचं झाड उघडण्याआधी चार ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहाव्यात. त्या वाचता आल्या नाहीत, तर दुरुस्ती मूळ दस्तऐवजात करावी लागते. मजकूर शाबूत असेल, तर दस्तऐवजाची भाषा मराठी नोंदवली आहे का ते बघावं. ती इंग्रजी राहिली असेल, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडू शकतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केला. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी उच्चारांची सोय आहे. म्हणजे ऐकण्याचं साधन घरोघर पोचू शकतं. अडतं ते फायलीपाशी.

कायदा आता याबाबत मोघम राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल याची खबरदारी सरकारने घ्यायची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली केलेल्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने सक्तीचं केलेलं सुगमतेचं बंधन त्या नियमात नुसत्या शिफारशीवर आलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सुगमता अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानली. जुन्या फॉन्टांत अडकलेल्या मराठी आदेशांना, निकालपत्रांना आणि पाठ्यसाहित्यालाही हीच कसोटी लागू व्हायला हवी, आणि त्यांचं काम टॅगांपासून नाही, अक्षरांपासून सुरू करावं लागेल.