टॅबलेट विचारणाऱ्याच्या हातात की मजुराच्या?

फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर किती औषध जातं याचं सर्वेक्षण ‘संगणकावर केलं’ म्हटलं की दोन निराळ्या पद्धती एकाच नावाखाली खपतात. ‘कॅपी’त प्रश्न विचारणारा समोर बसतो, पडद्यावरचा प्रश्न वाचतो आणि उत्तर स्वतः टिपतो. ‘एकॅसी’त मजूर हेडफोनवर ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकतो आणि चित्रावर स्वतः बोट ठेवतो. यंत्र तेच असलं, तरी उत्तरं तीच येतील असं नाही.

हातमोजे घातले होते का, असं समोरासमोर विचारलं की ‘हो’ चटकन येतं. मुकादम दहा पावलांवर उभा असेल तर बोलायलाच नको. कानात आवाज आणि पडदा फक्त आपल्याला दिसतो, अशा वेळी माणूस मोकळं सांगतो. शिवाय वाचता न येणाऱ्यालाही ते जमतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फवारणी कामगारांसाठी, इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही, एकॅसी तयार झाली. तिथे उत्तरांचा ताळा रक्ताशी घेता येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशकं ठराविक तासांहून जास्त हाताळणाऱ्यांना कोलिनेस्टरेजची (या औषधांमुळे रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमची) तपासणी देऊ करणं मालकाला 2004 पासून बंधनकारक आहे. निदान 30 दिवस औषधाशी संबंध नसताना मूळ पातळी घ्यायची, हंगामात पुन्हा मोजायची. 20 टक्क्यांहून जास्त घसरण दिसली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतलं 30 टक्के किंवा रक्तद्रवातलं 40 टक्के उतरलं, तर माणसाला त्या कामावरून बाजूला काढतात. म्हणून प्रश्न रक्त घेण्याआधीच्या दिवसांबद्दलच हवेत. ‘या हंगामात’ असं मोघम विचारलेलं उत्तर रक्ताशी जुळत नाही.

एकॅसीची खोट अशी की ध्वनिमुद्रणाला उलटप्रश्न विचारता येत नाही. मराठीत तर ‘औषध’ हाच शब्द घात करतो. ‘गेल्या आठवड्यात औषध घेतलं का?’ ऐकून माणूस दवाखाना आठवतो. विचारणारा समोर असता तर तिथल्या तिथे सावरून घेता. ‘फवारणीचं औषध’ म्हणा आणि सोबत पाठीवरच्या पंपाचं चित्र ठेवा.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. तेव्हा ‘पीक किती उंच होतं?’ याला कंबर, छाती, डोक्यावर अशी तीन चित्रं पुरतात. हे एकॅसीत छान बसतं. पण एका पंपात काय काय मिसळलं, किती झाकणं टाकली, हे तिच्यात नीट निघत नाही. तिथे कॅपीच बरी: रिकामे डबे मागवायचे, लेबलवरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा ते पाहून नोंदवायचं.

म्हणून औषधांचा भाग आधी विचारून घ्या, मग टॅबलेट मजुराच्या हातात द्या, उन्हात नव्हे, सावलीत. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ यांची बटणं वेगळी ठेवा. आणि वेळेची नोंद तपासा: प्रश्नाचा आवाज 9 सेकंदांचा असताना उत्तर दुसऱ्याच सेकंदाला आलं असेल, तर ते ऐकून दिलेलं नाही.