रात्रीचा गारवा साठवणारं ऑफिस: हरारेच्या ईस्टगेटची पार्श्वभूमी

एसीशिवाय थंड राहणाऱ्या ऑफिसचा विषय निघाला की झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरचं नाव येतंच, पण ते समजायला जरा मागे जावं लागतं.

१९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग जागेवर बसायचे नाहीत, त्यासाठी विलिस कॅरियरने जे मशीन बनवलं तिथून आजचा एसी आला. तोपर्यंत बिल्डिंगच हवा बघून बांधायचे. आपल्या मुंबईतलं १८७४ चं जुनं सचिवालय बघा ना, पश्चिमेला समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड करून लांबच लांब व्हरांडे, उंच छत. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र काचेच्या बंद पेट्यांची फॅशन आली, ऊन आत घ्यायचं आणि वीज जाळून ती उष्णता बाहेर काढायची, मग काय, जगभर तेच सुरू झालं.

ईस्टगेट १९९६ ला उघडलं. आर्किटेक्ट मिक पीअर्स, इंजिनिअरिंग अरुप या कंपनीचं. एसीची यंत्रं परदेशातून आणायची, त्यांचे पार्टही तिकडूनच, म्हणून मालकांना एसी नकोच होता. नऊ मजली दोन ब्लॉक, मधे काचेच्या छताखाली मोकळी जागा, वर विटांची ४८ धुराडी. खरी करामत जमिनीत आहे, ऑफिसच्या फरशीखाली पोकळी ठेवलीये आणि तिच्यात काँक्रीटचे दातासारखे उंचवटे आहेत, रात्री मोठे फॅन गार हवा त्यांच्यावरून फिरवतात, तासाला १० वेळा हवा बदलते, काँक्रीट गार पडतं आणि दिवसा तासाला २ वेळाच हवा सोडली तरी ती त्याच पोकळीतून गार होऊन खोलीत येते, गरम झालेली हवा वर चढून धुराड्यांतून निघून जाते. म्हणजे फॅनला वीज लागतेच, पण एसीचा प्लांट नाही, त्याचे साधारण ३५ लाख डॉलर वाचले असं सांगतात.

पीअर्सने हे वाळवीच्या वारुळावरून घेतलं, वारुळातही गरम हवा वर चढून निघून जाते आणि आत गारवा राहतो असं तेव्हा मानायचे. पुढे २००८ मध्ये जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि इंजिनिअर रूपर्ट सोअर यांनी दाखवून दिलं की वारूळ तसं चालतच नाही, ते फुफ्फुसासारखं हवेची अदलाबदल करतं आणि आतलं तापमान स्थिर राहतं ते आजूबाजूच्या जमिनीमुळे. माझ्या मते त्याने बिल्डिंगचं मोल तसूभरही कमी होत नाही, कारण जाड भिंतीत रात्रीचा गारवा साठवायचा हे आपल्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सकाळी दहाच्या आत खिडक्या लावून घ्यायच्या, दिवेलागणीला सगळ्या उघडायच्या, आजी रोज हेच करायची.

मुंबई-कोकणात मात्र ही युक्ती चालणार नाही, उन्हाळ्यात तिथे रात्रही उकडते, तिथे सावली आणि आरपार वाराच हवा. हरारे जवळपास १,५०० मीटर उंचीवर आहे, दिवसरात्रीच्या तापमानात भरपूर फरक पडतो. पण पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे २०-२१ असतं, तरी आपण काचेची ऑफिसं रात्रभर बंद ठेवतो आणि सकाळी आल्या आल्या एसी लावतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.