रडारच्या चित्रातून डोंगर वजा करताना

डोंगराळ मुलखात जंगल कुठवर पसरलंय, शेती किती, उघडा खडक कुठे, हे उपग्रहाच्या नेहमीच्या छायाचित्रांवरून ठरवायला गेलं की ढग आडवे येतात. रडारला त्यांची अडचण नसते. ते स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी टिपतं, त्यामुळे रात्रही चालते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या लहरी सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या. ढगांतून त्या जवळजवळ विनासायास पार होतात.

खरा पेच पुढे आहे. रडार जमिनीकडे तिरकं बघतं आणि लहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा ठरवतं. सपाट प्रदेशात हे बिनबोभाट जमतं. डोंगरात मात्र उपग्रहाकडे तोंड केलेला उतार चित्रात आक्रसतो आणि अख्ख्या उताराची ऊर्जा मोजक्या ठिपक्यांत गोळा होऊन तिथे झगझगीत पट्टा उमटतो. उतार फारच उभा असेल तर शिखराचा प्रतिध्वनी पायथ्याच्या आधी पोचतो आणि शिखर पायथ्यावर कलंडलेलं दिसतं. पलीकडच्या उभ्या उतारावर लहरी पोचतच नाहीत, तिथे काळोख. संथ पाणीही रडारला काळंच दिसतं, कारण ते लहरी दुसरीकडे परावर्तित करतं. म्हणजे संगणकाला नुसती उजळ-काळी चित्रं दिली, तर तो कड्याच्या सावलीत खुशाल तळं दाखवेल.

म्हणून जंगल, शेती, खडक असं वर्गीकरण करण्याआधी डोंगराचा हिशेब चुकता करावा लागतो. प्रत्येक ठिपक्यात प्रत्यक्षात किती जमीन सामावली आहे हे उंचीच्या नकाशावरून काढायचं आणि त्या प्रमाणात उजळपणा कमी-जास्त करायचा. यासाठी बरेचदा वापरला जाणारा उंचीचा नकाशाही रडारनेच बनवलेला आहे: फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. एका रडारचं चित्र दुसऱ्या रडारच्या नकाशाने सुधारायचं, ही जोडी मला फार आवडते.

एवढं झालं की झाडं बोलू लागतात. रडार आडव्या आणि उभ्या कंपनांच्या लहरी वेगवेगळ्या मोजू शकतं. पानाफांद्यांच्या गर्दीत आपटत फिरलेल्या लहरींचा काही भाग कंपनाची दिशा बदलून परततो. उघड्या जमिनीवरून असा भाग फारच थोडा येतो. शेताचा प्रतिसाद पेरणीपासून कापणीपर्यंत बदलत राहतो, सदाहरित जंगलाचा त्यामानाने स्थिर. बर्फाची तर गंमतच आहे: कोरडा बर्फ या लहरींना जवळपास पारदर्शक, पण वितळू लागला की त्यातलं पाणी लहरी शोषतं आणि उतार एकदम काळवंडतो. म्हणून एकाच दिवसाच्या चित्रापेक्षा वर्षभराची चित्रमालिका कितीतरी जास्त सांगते.

नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी अवकाशात गेला. त्याच्या लांब लहरी सुमारे २४ सेंटिमीटरच्या आहेत. त्या पानांच्या छताखाली खोडांपर्यंत शिरतात, त्यामुळे विरळ आणि घनदाट जंगल वेगळं करणं सोपं जातं.

सावलीचं काय? उपग्रह उत्तरेकडे जाताना एका बाजूने आणि दक्षिणेकडे जाताना दुसऱ्या बाजूने बघतो, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांची चित्रं जोडली की बरीच झाकली जागा उघडी पडते. उत्तर-दक्षिण पसरलेल्या अरुंद दऱ्यांचा तळ तरीही निसटू शकतो. तिथे अंदाजाने रंग भरण्यापेक्षा नकाशात ‘माहिती नाही’ असं स्पष्ट दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच नकाशावरून पुढे कोणी दरडींचा धोका किंवा वनक्षेत्र मोजणार असतं.